चेरी श्रिंप अंडी धरतात, पण पिल्लं दिसतच नाहीत (नाशिक, सोसायटीचं पाणी)

सिडको_टँक

नमस्कार मंडळी. टँक २ × १ × १ फूट, आतलं पाणी साधारण ५० लिटर. तळाला काळी बारीक खडी, वर जावा मॉस, अनुबियस या पाणवनस्पती आणि एक लाकूड. फिल्टर मागे लटकवायचा, हँग-ऑन. सायकल (फिल्टरात घाण पचवणारे बॅक्टेरिया बसणं) पूर्ण झालेली आहे: अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १० च्या आसपास. मासे नाहीत, फक्त लाल चेरी श्रिंप, म्हणजे गोड्या पाण्यातली छोटी कोळंबी. २० सोडल्या होत्या.

माद्या अंडी धरतात, पोटाखाली स्पष्ट दिसतात. मग आठ-दहा दिवसांत पोट रिकामं. पिल्लू एकही दिसलेलं नाही. वर वॉटर चेंज केला की पुढच्या दोन-तीन दिवसांत एखादी श्रिंप मरते. मेलेल्यांपैकी काहींच्या मानेमागे पांढरा पट्टा असतो.

दर रविवारी अर्धं पाणी बदलतो, नळाचं, क्लोरिन मारायला थायोसल्फेट घालून. सोसायटीच्या टाकीत महापालिकेचं आणि बोअरचं, दोन्ही पाणी पडतं. टँकचा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ४१०, दुपारचं तापमान ३१. दुकानात सांगितलं, कॅल्शियम कमी पडतंय, कॅल्शियम घाला. कोणतं आणि किती घालू?

जीएच_केएच

कॅल्शियम आत्ता काहीच घालू नका. बोअर मिसळलेल्या ४१० टीडीएसच्या पाण्यात ते बहुतेक पुरून उरतं. जीएचची (पाण्याचा जडपणा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम) थेंबांची टेस्ट किट आणा आणि एकदा मोजून टाका. टीडीएस मीटर फक्त एकूण क्षार सांगतो, त्यात कॅल्शियम किती आणि मीठ किती हे त्याला कळत नाही. सोसायटीत सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं यंत्र) बसवलेला असेल तर टीडीएस ४०० आणि जीएच १ असलाही चमत्कार दिसतो.

अंडी जाणं आणि पांढरा पट्टा ही दोन दुखणी नाहीत. दोन्हींचं मूळ रविवारच्या त्या अर्ध्या पाण्यात आहे.

श्रिंप कात टाकते तेव्हा पाठीवर, डोकं-छातीचं कवच आणि शेपटीकडचा भाग जिथे जुळतात तिथे चीर पडते. त्या चिरेतून ती एका झटक्यात मागे वाकून बाहेर येते. आतलं नवं कवच तयार झाल्यावरच हे व्हायला हवं. एकदम वेगळ्या क्षारांचं पाणी २५ लिटर ओतलं की तिच्या शरीरातला पाण्याचा तोल बिघडतो आणि तयारी अर्धवट असतानाच कात सुटते. चीर पाठीवर थांबण्याऐवजी अंगाभोवती गोल फिरते, तिला जोर लावायला टेकू उरत नाही आणि ती अडकून मरते. तो पांढरा पट्टा म्हणजे हीच चीर.

अंडी असलेल्या मादीची कात अशी अवेळी सुटली तर ती स्वतः वाचली तरी अंडी कातेबरोबर जातात, कारण ती पोटाखालच्या पोहण्याच्या पायांना चिकटलेली असतात आणि त्या पायांचं कवचही उतरतं. पुढच्या वेळी रिकामी कात सापडली की भिंगातून तिच्या पोटाची बाजू बघा. अंडी तिथे लटकलेली दिसली तर निदान पक्कं.

आता करायचं काय. आठवडाभर नळाचा टीडीएस सकाळ-संध्याकाळ मोजून लिहून ठेवा. बोअरचा पंप चालू झाला की आकडा उडी मारतो, उन्हाळ्यात टँकर येत असेल तर आणखीच. पाणी थेट नळातून टँकमध्ये घ्यायचंच नाही. ४०-५० लिटरचा झाकणाचा ड्रम ठेवा, त्यात पाणी जुळवा, थायोसल्फेट घाला, एअर स्टोन लावून रात्रभर फिरू द्या आणि त्यातूनच बदल करा.

जुळवण्याचं गणित सोपं आहे. बोअरचं पाणी ६०० आणि आरओचं ३० असेल, आणि हवं २००, तर ३ भाग बोअर, ७ भाग आरओ. चेरीसाठी टीडीएस १८० ते २५०, जीएच ६ ते ८, केएच (पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेट) ३ ते ५, पीएच ७ ते ७.६ एवढं धरून चाला. याहून थोडं इकडेतिकडे असलं तरी त्या निभावून नेतात. त्यांना सोसत नाही ती धरसोड.

४१० वरून २०० ला एका दिवसात आणू नका, नाहीतर जी अडचण आहे तीच पुन्हा ओढवून घ्याल. ५ लिटर काढा, २०० टीडीएसचं ५ लिटर भरा, आकडा साधारण २० ने उतरेल. आठवड्यातून दोनदा केलंत तर महिन्याभरात ३०० च्या खाली याल. भरताना ओतू नका. एअरच्या नळीला व्हॉल्व्ह लावून ५ लिटर तास-दीड तासात उतरेल इतकी बारीक धार ठेवा. हव्या त्या आकड्यावर पोचल्यावर आठवड्याला ५ लिटर पुरे.

मॉसवाली

वरचं सगळं बरोबर, पण एक भोक राहिलं: हँग-ऑन फिल्टरचं तोंड. पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा जेमतेम २ मिलीमीटर, जवळजवळ पारदर्शक. अळीची अवस्था नसते, थेट छोटी श्रिंपच. प्लॅस्टिकच्या जाळीच्या फटीतून ते सहज ओढलं जातं.

म्हणून पहिलं काम, फिल्टर बंद करून त्याचा डबा पांढऱ्या परातीत रिकामा करा आणि दहा मिनिटं हलवू नका. पुष्कळदा तिथे पाच-सात पिल्लं मजेत गाळ खाताना सापडतात. टँकमध्ये एकही नाही असं म्हणणाऱ्यांना हा डबा बघायला सांगावाच लागतो.

त्या तोंडावर बारीक छिद्रांचा स्पंज चढवा. त्याहून बरा सरळ एअर पंपवरचा स्पंज फिल्टर, पिल्लं त्याच्यावरच चरत बसतात. पण जुना लगेच काढू नका. महिनाभर दोन्ही चालू ठेवा, नव्या स्पंजात बॅक्टेरिया बसू द्या. स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्या पाण्यात, दोनदा पिळायचा, बस. एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला, नाहीतर लाइट गेली की नळीतून पाणी उलटं येऊन पंपात आणि फरशीवर.

खाण्याबद्दल: २० श्रिंपना रोज गोळी जास्त होते. दोन तासांत संपेल एवढंच, एक दिवसाआड. उरलं की काढा. उरलेल्या खाण्यावर हायड्रा आणि प्लॅनेरिया हे शिकारी जीव माजतात. हायड्राला पिल्लू पुरतं आणि प्लॅनेरिया नुकती कात टाकलेल्या, मऊ पडलेल्या श्रिंपलाही सोडत नाही. काचेवर त्रिकोणी डोक्याचा, सरपटत जाणारा पांढरा किडा दिसला तर कळवा, त्यावर वेगळं लिहीन.

पिल्लांचं खरं अन्न म्हणजे काचेवरचा, पानांवरचा बुळबुळीत थर. पहिले काही दिवस ती फार हिंडत नाहीत, जिथे पडली तिथेच चरतात. टँक चकाचक पुसणाऱ्यांची पिल्लं उपाशी मरतात हो. समोरची काच पुसा, बाकीच्या तिन्ही सोडून द्या. मॉस दोन मुठी तरी हवं. देशी बदामाचं (इंडियन आल्मंड) गळून पडलेलं, तपकिरी झालेलं पान, तळहाताएवढं एक, पाच मिनिटं उकळून टाका. आठवड्याभरात त्यावर थर चढतो आणि मग पानाची नुसती जाळी उरते.

गोदाकाठ

तापमान आणि हवेबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून.

३१ ला चेरी लगेच मरत नाही, पण पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि तिची भूक, कात, सगळं घाईत चालतं. २३ ते २६ चांगलं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा कोरडी असते, त्यामुळे १२ व्होल्टचा कॉम्प्युटरचा पंखा पाण्यावर तिरका वारा मारेल असा लावला तरी २ ते ४ अंश उतरतात. पावसाळ्यात हाच पंखा निम्माही काम करत नाही, पण तेव्हा गरजही कमी असते. बर्फाच्या बाटल्या टाकू नका. दुपारी २६, संध्याकाळी पुन्हा ३१, याने अंडी हमखास जातात.

पंख्याने पाणी भराभर उडतं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून रोजची भर आरओच्या पाण्याने. बोअरच्या पाण्याने भरत राहिलात तर पंधरा दिवसांत टीडीएस कुठल्या कुठे जातो. थंडीत पारा १० च्या खाली जातो तेव्हा टँकचं पाणी १८-१९ वर येतं. त्या जगतात, पण अंडी धरणं थांबतं. ५० लिटरला ५० वॅटचा हीटर, २३ वर लावून.

आता डास. प्लगमध्ये लावायचं लिक्विड, कॉइल, अगरबत्ती, स्प्रे, यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटाची औषधं असतात. माणसाला फारशी बाधत नाहीत, पण श्रिंप कीटकांच्या चुलत भावकीतली, तिच्यासाठी जहर. आणि एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. टँकच्या खोलीत यातलं काही नको, मच्छरदाणी लावा.

डेंग्यूच्या दिवसांत गल्लीत धूरफवारणीची गाडी आली की खिडक्या बंद, एअर पंप बंद, टँकवर प्लॅस्टिकचा कागद. अर्धा तास पंप बंद राहिल्याने काही बिघडत नाही. धूर विरला की खिडक्या उघडा आणि मगच पंप लावा.

सोसायटीची टाकी धुण्याची नोटीस लागली की ड्रम आदल्या दिवशी भरून ठेवा. धुतल्यावर दोन दिवस ब्लीचिंगचा अंश राहतो. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं आणि नळाला क्लोरिनचा वास जाणवला तर नेहमीचा थायोसल्फेट पुरत नाही. १० ग्रॅम खडे पाण्यात विरघळवून १०० मिली द्रावण करा, त्यातलं १ मिली १० लिटरला. वास येत असेल तर दुप्पट, जरा जास्त झाल्याने नुकसान नाही.

सिडको_टँक

मनापासून आभार सगळ्यांचे. मोजलं. नळ सकाळी १६०, संध्याकाळी ५२०. जीएच टँकमध्ये १४. म्हणजे कॅल्शियमचा प्रश्न मिटला. फिल्टरच्या डब्यात खरंच तीन पिल्लं होती!

आणखी काही प्रश्न. घरचा आरओ कॉपरवाला आहे, पाण्यात तांबं सोडणारा. तो चालेल का? टँकमधलं लाकूड दिंडोरीच्या नातेवाइकांच्या बागेतलं द्राक्षाचं जुनं खोड आहे, उकळून घातलंय, त्याने काही होतं का? आणि पिल्लं वाढली की याच टँकमध्ये निळ्या श्रिंप सोडायच्या आहेत.

निफाडचा_पाहुणा

खोड आजच काढा भाऊ. बाकी सगळं नंतर.

द्राक्षबागेत केवडा रोगासाठी बोर्डो मिश्रण मारतात, म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना. एक टक्क्याचं म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद. छाटणीनंतर खोडाला आणि ओलांड्याला (वेलीच्या आडव्या फांदीला) बोर्डो पेस्ट ब्रशने फासतात, सालीच्या प्रत्येक फटीत बसेल अशी. शिवाय कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या फवारण्या वेगळ्या. हे वर्षानुवर्षं. त्या सालीत तांबं मुरलेलं असतं, ते उकळल्याने जात नाही. बाकीची आंतरप्रवाही (झाडाच्या आत भिनणारी) औषधं तर विचारूच नका.

शेवंड-खेकडे-कोळंबी या सगळ्या जातीला तांबं घातक. माशांच्या दुकानात गोगलगायी मारायचं औषध मिळतं त्यातही पुष्कळदा तेच असतं. आणि नीट ऐका: जड पाण्यात तांब्याचा विषारीपणा कमी होतो, मऊ पाण्यात वाढतो. तुमचं जीएच १४ आहे म्हणून कदाचित आजवर भागलं. वर सांगितल्याप्रमाणे टीडीएस उतरवायला लागाल आणि खोड आतच असेल, तर पाणी सुधारतंय तसतशा श्रिंप मरतील आणि दोष नव्या पाण्याला द्याल.

खोड काढा, फिल्टरमध्ये अॅक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी टाका, दोन आठवड्यांनी बदला. मिळाली तर तांब्याची टेस्ट किट आणा. लाकूड हवंच असेल तर दुकानातलं ड्रिफ्टवुड घ्या. द्राक्षाचं खोड औषध न मारलेलं असलं तरी मऊ असतं, काही महिन्यांत भुसा होतो.

द्राक्षाची पानंही खायला देऊ नका, कितीही कोवळी दिसोत. तुती, पेरू किंवा शेवग्याचं पान द्या, पण घराच्या अंगणातलं, फवारणी न झालेलं. बागेच्या बांधावरची तुतीही नको, वाऱ्याने फवारा तिथवर येतो.

जीएच_केएच

निफाडच्या भाऊंचा क्रम बरोबर आहे, आधी खोड. दोन आठवडे कार्बन चालू दे, मग टीडीएस उतरवायला घ्या.

आरओबद्दल: मेम्ब्रेन (आरओचा गाळणारा पडदा) तांबं अडवते, पण कॉपरचं कार्ट्रिज तिच्या पुढे, नळाच्या अगदी आधी असतं. म्हणजे गाळून मग तांबं घातलं जातं. सर्व्हिसवाल्याकडून मेम्ब्रेननंतर आणि कार्ट्रिजच्या आधी टी-जोड लावून वेगळी नळी काढून घ्या, पाचेक मिनिटांचं काम आहे. तेच ‘मिनरल’ कार्ट्रिजचं, त्यात काय भरलंय याचा पत्ता नसतो. नाहीतर २० लिटरचा जार आणा, मीटर बुडवून बघा, ५० च्या खाली असेल तर चालेल.

तुमच्याकडे सकाळी १६० चं पाणी येतंय, त्यामुळे आरओची गरज तशी कमीच. सकाळीच ड्रम भरा. त्याचं जीएच मोजा. ५-६ निघालं तर कशातच काही मिसळू नका.

कुणाला नुसत्या आरओवरच चालवायचं असेल तर १० लिटरचं माप: जिप्सम १.२ ग्रॅम, एप्सम सॉल्ट ०.९ ग्रॅम, खायचा सोडा ०.९ ग्रॅम. जीएच ६, केएच ३, टीडीएस २०० च्या आतबाहेर. जिप्सम विरघळायला नखरे करतं, एअर स्टोन लावून रात्रभर ठेवा, सकाळी तळाशी पांढरं उरलं नाही ना ते बघा. सोनाराकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्या, चमच्याच्या अंदाजाने करू नका. बेकिंग पावडर नव्हे, सोडा. या दोन पुड्यांची अदलाबदल होते.

गोदाकाठ

कॅल्शियमवरून आठवलं, काष्ठौषधींच्या दुकानातला समुद्रफेस बोटभर तुकडा टाकून ठेवायला हरकत नसते. हळूहळू विरघळतो, श्रिंप कुरतडतातही.

जीएच_केएच

मऊ, आम्लधर्मी पाण्यात ठीक. जीएच १४ आणि पीएच ७.५ च्या वर असताना तो विरघळतच नाही, शोभेला राहतो. यांना नको.

मॉसवाली

निळ्या लालमध्ये सोडू नका. लाल चेरी, ब्लू ड्रीम, पिवळी, नारिंगी, चॉकलेट, सगळ्या एकाच जातीच्या, निओकॅरिडिना डेव्हिडी. रंग माणसाने निवडून निवडून पक्के केलेत. एकत्र ठेवल्या की सर्रास संकर होतो आणि दोन-तीन पिढ्यांत मळकट तपकिरी, ठिपक्यांची, ओढ्यातल्या जंगली श्रिंपसारखी प्रजा उरते. निळ्यांसाठी दुसरा टँक, २५ लिटरचाही चालेल. क्रिस्टल रेडचा मोह झाला तर आत्ताच आवरा. ती वेगळी जात, पीएच ६ च्या आसपास, केएच जवळपास शून्य आणि तापमान २० ते २३ मागते. आपल्या मे महिन्यात चिलरशिवाय (पाणी थंड करणारं यंत्र) तिचं जमत नाही.

लालमध्येही निवड करावी लागते. तीन महिन्यांच्या झाल्या की फिक्या, पाय पारदर्शक असलेल्या माद्या बाजूला काढा. नर मुळातच बारीक आणि फिके, पोटाची रेघ सरळ. मादीचं पोट खाली झुकलेलं, आणि पाठीवर खोगिरासारखा पिवळसर डाग दिसतो, ती आतली तयार होणारी अंडी. नर फिका म्हणून सरसकट काढून टाकू नका, त्यातल्या त्यात गडद दोन-चार ठेवा. काळी खडी आहे ते चांगलं, पांढऱ्या वाळूवर याच श्रिंप उतरलेल्या दिसतात.

सिडको_टँक

खोड काढलं, कार्बन टाकला. आत्ता एक मादी अंड्यांवर आहे. तिला जाळीच्या डब्यात वेगळी ठेवू का?

मॉसवाली

अजिबात नको. पकडण्याच्या धावपळीतच ती अंडी झटकते. मॉसमध्ये राहू द्या. ती पोटाखालचे पाय हलवून अंड्यांना सतत वारा घालत असते. खराब झालेली एखाद-दोन टाकून देईल, तेवढ्यावरून घाबरू नका. पहिलटकरणी तर बरीच सांडतात.

२४-२५ अंशांना साधारण २५ ते ३० दिवस, गरम पाण्यात थोडे कमी. रात्री काचेला मोबाइलचा टॉर्च लावून भिंगातून बघा: प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके, म्हणजे डोळे, दिसायला लागले की आठवडाभरात पिल्लं. ती निघेपर्यंत पाणी बदलू नका, उडेल तेवढंच भरा. भरायला तो कॉपरवाला आरओ मात्र नको, नळी जोडून होईपर्यंत जार आणा.

जीएच_केएच

आणि नायट्रेट अधूनमधून मोजत राहा. शेतीच्या बाजूच्या बोअरला ते मुळातच असू शकतं. २० च्या वर गेलं तर मात्र वाट न बघता ३ लिटर बदला, सकाळच्या पाण्याने, बारीक धारेने.